हात गार, स्टिअरिंग त्याहून गार

गाडीत बसलं की थंडी बाहेर राहिली, असं ज्यांना वाटतं त्यांनी रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचं स्टिअरिंग पहाटे सव्वापाचला एकदा धरून बघावं. माझी ड्यूटी सहाला सुरू होते. गाडीला ना शेड, ना आडोसा. कडाक्याच्या दिवसांत आतली हवा बाहेरच्या हवेइतकीच गार झालेली असते. वारा लागत नाही, एवढाच काय तो फायदा. दार ओढून घेतलं की क्षणभर बरं वाटतं आणि मग हात स्टिअरिंगवर जातात.

हीटर आहे की, असं कुणीही म्हणेल. आहे. पण पेट्रोल-डिझेल गाडीचा हीटर इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटच्या उष्णतेवर चालतो. आधी इंजिन तापणार, मग कूलंट, मग कुठे आपल्या अंगावर येणारी हवा. इंजिन रुळलं की ते कूलंट ८०-९० अंशांच्या घरात असतं, पण पहाटे त्याची सुरुवात शून्याच्या आसपासून होते. तोवर पंखा सुरू करावा तर गार हवाच तोंडावर येते. माझा रस्ता २५ मिनिटांचा. हीटरला जाग येईपर्यंत निम्मा संपलेला असतो.

ही अडचण मी तीन हिवाळे अंगावर काढली. बाही ओढून तळव्यात धरायची, त्या बाहीनेच स्टिअरिंग पकडायचं, सिग्नलला थांबलं की हात मांडीखाली घालायचे, असले उद्योग. चौथ्या हिवाळ्यात एका सकाळी उजवीकडे वळायचं होतं. इंडिकेटरची दांडी मी ढकलली, की ढकलली असं वाटलं, तेच कळेना. बोटाला दांडी लागल्याची जाणीवच नव्हती. मान खाली घालून बघितलं तर दांडी जागच्या जागी होती. रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं. पण बघायला मान खाली घालावी लागली, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

बोटांचं असं का होतं, हे मग जरा खोलात जाऊन समजून घेतलं. अंगाला थंडी वाजली की शरीर आधी पोटाछातीतली ऊब राखतं, आणि त्यासाठी हातापायांच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटं बारीक आणि लांब, त्यामुळे त्यांच्यात साठवायला ऊब थोडी आणि घालवायला कातडी भरपूर. कातडीचं तापमान साधारण १५ अंशांखाली उतरलं की बारीक कामं जड जाऊ लागतात आणि ८ अंशांच्या आसपास स्पर्शच नीट कळेनासा होतो. म्हणजे थंडी वाजते ही तक्रार वेगळी आणि हात कामातून जातो ही वेगळी. गाडी चालवताना दुसरी महत्त्वाची. हे मला पहिल्याच दिवशी उमगलं असतं तर पुढची हातमोज्यांची खरेदी वाचली असती.

(डॉक्टरांनाही एकदा विचारून घेतलं होतं, कारण दोन बोटांची टोकं पांढरी पडायची. थंडीत बोटं पांढरीफटक होऊन मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असतील, आणि त्या पांढऱ्या भागाची कड रेघ मारल्यासारखी स्पष्ट दिसत असेल, तर ते रेनॉडचं, म्हणजे थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या एकाएकी आवळण्याच्या विकाराचं, लक्षण असू शकतं. तेव्हा नुसते मोजे घेऊन भागत नाही, दाखवून घ्यावं लागतं. माझं तसं निघालं नाही.)

पहिला जोड फुकटचा. आत्याने विणलेला, गडद निळ्या लोकरीचा, सुबक. तिला कळलं की मी मोजे शोधतेय, तेव्हा तीच रागावली.

"अगं, मी विणून दिलेत ते काय कपाटात पूजायला ठेवलेस?"

"आत्या, ते चांगले आहेत गं, म्हणून ठेवलेत."

"चांगले असतात ते वापरायचे असतात."

वापरले. लोकर थंडीत खरोखर गुणी आहे. तंतू कुरळे असल्याने त्यांच्यात हवा अडकून राहते, आणि ऊब राखते ती ही अडकलेली हवाच. शिवाय स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के दमटपणा पोटात घेऊनही लोकर ओली लागत नाही. घरातून गाडीपर्यंत झकास. पण माझ्या गाडीचं स्टिअरिंग गुळगुळीत चामड्याने मढवलेलं. पार्किंगमधून बाहेर काढताना पूर्ण वळण घेतलं, आणि मी हात फिरवला तरी स्टिअरिंग जागेवरच. लोकर त्यावरून बर्फावरून घसरावी तशी घसरली. वेग नव्हता, नाहीतर शेजारच्या गाडीला पप्पी मिळाली असती. मग पकड येईना म्हणून मी जीव खाऊन आवळून धरायला लागले आणि कामावर पोचेपर्यंत खांद्यापर्यंत हात दुखायला लागला. आत्याला हे कसं सांगायचं, हा वेगळाच प्रश्न. "घसरतात गं जरा" एवढंच म्हणाले. ती काही बोलली नाही, हे वाईट लक्षण होतं.

दुसऱ्या जोडाच्या वेळी मी उलट टोकाला गेले. बर्फातल्या खेळांसाठी असतात तसले, फुगीर, बाहेरून पाणी न लागणारे. त्यांच्या चिठ्ठीवर १५० ग्रॅम असं मोठ्या अभिमानाने छापलं होतं. मला वाटलं मोज्याचं वजन. तसं नसतं. तो आकडा आतल्या भरणाचा, म्हणजे त्या भरणाची चादर चौरस मीटरला किती ग्रॅम भरते याचा. थ्रीएम कंपनीच्या थिन्सुलेटसारखी जी बारीक तंतूंची भरणं असतात, ती ४०, १००, १५० अशा मापांत मिळतात. आकडा मोठा तितकी ऊब जास्त आणि अर्थात जाडी जास्त. एकाच जातीच्या भरणाची तुलना करायला हा आकडा बरा, पण वेगवेगळ्या जातींची भरणं शेजारी ठेवली की त्यावर विसंबता येत नाही.

ऊब मात्र खरी होती, खोटं कशाला बोलू. हात अक्षरशः अंथरुणात असल्यासारखे. पहिल्या दिवशी इंडिकेटर द्यायला गेले आणि वायपर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी आवाज कमी करायचं बटण दाबलं तर शेजारचंही दाबलं गेलं, आणि कुणाला तरी पहाटे साडेपाचला फोन लागला. त्यांची मी नंतर माफी मागितली. पट्टा लावायला मोजा काढायचा, लावून झाला की घालायचा, किल्ली फिरवायला पुन्हा काढायचा. पण या सगळ्यापेक्षा एक गोष्ट मला आठवडाभराने कळली आणि तिने माझा सगळा विचारच फिरवला. तळव्याला गारठा लागतच होता.

विचार केल्यावर कारण सरळ निघालं. मोज्यातलं भरण ऊब देतं ते फुगलेलं असतं तेव्हा, कारण ऊब त्यातल्या हवेची. स्टिअरिंग मुठीत धरलं की तळव्याकडचं भरण चेपून पातळ होतं, हवा निघून जाते. म्हणजे ज्या भरणामुळे पकड बिघडते, बोटांना काही कळत नाही, ते भरण त्या जागी ऊबही धड देत नाही. हाताच्या पाठीवर ते फुगलेलं राहतं, तिथे त्याचा उपयोग. तेव्हा गाडीसाठी मोजा हवा तो पाठीवर उबदार आणि तळव्याला पातळ. पातळ तळव्याला स्टिअरिंग गार लागणार, हो, पण त्याची कड मुख्यतः फोमची असते आणि वर चामडं किंवा प्लॅस्टिक. हाताखाली ती काही मिनिटांत कोमट होते. धातूसारखी ऊब शोषत बसत नाही.

इथून पुढे मी दुकानात गेले की आधी मोज्याचा तळवा चिमटीत धरून बघायची आणि मग पाठ. दोन्ही सारखीच जाड लागली की तो जोड परत.

तिसरा जोड ही माझी हौस. त्याबद्दल थोडक्यातच लिहिते. 'ड्रायव्हिंग ग्लोव्ह्ज' असं नाव, तपकिरी चामडं, बोटांच्या सांध्यांवर गोल भोकं, पाठीवर घड्याळाच्या तबकडीएवढी खिडकी. फोटोवर भुलले. नवऱ्याने हातात घेऊन उजेडाकडे धरले आणि म्हणाला, "हे मोजे आहेत की चाळणी?" हे मोजे आले कुठून, तर सुरुवातीच्या गाड्या उघड्या असायच्या, स्टिअरिंग लाकडाचं किंवा धातूचं, घामाने हात सटकायचा. पकड यावी आणि हात मळू नये म्हणून हे मोजे. आपण डॅशबोर्डच्या कप्प्याला ग्लोव्ह बॉक्स म्हणतो तोही तेव्हाचाच. भोकं मूठ सहज वळावी आणि घाम वाळावा म्हणून. म्हणजे ज्याचं नाव गाडीचं, तो थंडीचा नव्हताच. पण पकड काय असते ते त्याने शिकवलं. पातळ चामड्यातून स्टिअरिंगवरची शिवणसुद्धा कळत होती. हीच जाणीव मला हवी होती, फक्त आतून ऊब घालून.

मग चामड्याचा अभ्यास सुरू झाला, आणि अभ्यास म्हणजे दिसेल त्या मोज्याला हात लावून बघणं. मेंढीचं चामडं मऊ आणि पातळ, बोटांना चिकटून बसतं. बकऱ्याचं जरा खरखरीत दाण्याचं पण चिवट, झिजायला वेळ घेणारं. हरणाचं सर्वात मऊ, थोडं जाडसर, ओलं होऊन वाळलं तरी पुष्कळसं मऊच राहतं. मात्र ते सैल पडत जातं. गायीचं मजबूत, पण गाडीसाठी मला राठ वाटलं. यांतलं चांगलं कुठलं, असं विचारलं तर माझं मत मेंढीकडे झुकतं, कारण मला बोटांत जाणीव हवी. रोज अवजड काम करणाऱ्याने बकऱ्याचं घ्यावं.

चौथा जोड अशाच मेंढीच्या चामड्याचा, आत मऊ फ्लीसचं अस्तर. हातात घेतला तेव्हा हाच तो, असं वाटलं. दोन गोष्टींनी घात केला.

पहिली म्हणजे माप. मी मापच घेतलं नव्हतं, 'मध्यम' मागितला होता. मोज्याचं माप घ्यायची रीत अशी: अंगठा सोडून तळव्याभोवती, बोटांच्या मुळाच्या गाठींवरून टेप फिरवायची, हात किंचित मिटलेला ठेवून. ज्या हाताने लिहितो त्याचं माप घ्यायचं, तो बहुधा थोडा मोठा असतो. हा घेर इंचांत जितका, तितका मोज्याचा नंबर, असा ढोबळ हिशोब. माझा भरला १९ सेंटिमीटर, म्हणजे साडेसात. ही नंबरांची शिस्त जुनी आहे. १९व्या शतकात फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरातल्या झाविए जुव्हाँ नावाच्या मोजेवाल्याने हातांची मापं अभ्यासून त्यांची वर्गवारी केली, त्याआधी मोजा बसणं हा नशिबाचा भाग होता. कामगारांच्या संरक्षक मोज्यांच्या युरोपीय मापांत ७ नंबर म्हणजे १७८ मिलिमीटर घेर आणि ८ नंबर म्हणजे २०३. माझा हात बरोबर दोन्हींच्या मध्ये अडकतो, आणि 'मध्यम' प्रत्येकाचा वेगळा.

तर तो जोड घट्ट होता. चामडं सैलावतं, असं मला सांगण्यात आलं, आणि ते खोटं नाही. रुंदीत थोडं सैलावतं. लांबीत जवळपास नाही. त्यात बिनअस्तराचा मोजा घट्ट घेतला तर चालतो, अस्तराचा घेतला तर अस्तर दाबून हवा जाते आणि बोटंही आवळली जातात. आधीच आवळलेल्या रक्तवाहिन्यांना बाहेरून आणखी फास. माझी करंगळी त्या मोज्यात मोज्याविना असते त्यापेक्षा लवकर बधिर व्हायची. आता मी बघते ते एवढंच: मूठ मिटली तर बोटांच्या बेचक्यांत ताण यायला नको, आणि हात सरळ केला की बोटाच्या टोकापुढे अगदी थोडी, गव्हाच्या दाण्याएवढी जागा उरायला हवी. त्याहून जास्त उरली तर ते रिकामं टोक बटणांवर आधी पोचतं आणि आपण मागून.

दुसरा घात अस्तराचा, आणि तो मी विसरणार नाही. त्या दिवशी हात जरा घामट झाला होता. कामावर पोचल्यावर दाराशी ओळखपत्र काढायला मोजा ओढला, तर हाताबरोबर अनामिकेचं अस्तर उलटं होऊन बाहेर आलं, एखाद्या गोगलगायीने शिंग काढावं तसं. परत घालताना ते बोट आतच शिरेना. अस्तर बोटाच्या टोकाशी चामड्याला टाक्याने किंवा डिंकाने धरलेलं नव्हतं. अंधारात, दाराशी, मागे माणसं खोळंबलेली आणि मी पेनाच्या टोकाने अस्तर आत ढोसतेय. ते गेलं पण गोळा होऊन बसलं, आणि त्यानंतर त्या बोटाला कायम काहीतरी टोचत राहिलं. आता दुकानात मोजा घालायचा, हात जरा गरम होऊ द्यायचा आणि झटक्यात काढायचा. अस्तर हलतं का ते बघायचं. विकणाऱ्याचा चेहरा बघायचा नाही.

त्या जोडाचा शेवट माझ्याच हाताने झाला. पावसाने भिजले, म्हणून गाडीत हीटरच्या जाळीवर वाळत घातले. ओल्या चामड्याला थेट उष्णता लागली की ते आक्रसतं आणि कडक होतं. संध्याकाळी पुठ्ठ्याचे झाले होते, बोटं अर्धवट वळलेली, जणू कुणाचा तरी हात अजून आत आहे. चामडं साध्या हवेत, हळूहळू, मधून मधून हाताने ताणत वाळवायचं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी जाळीवरच ठेवले असते, घाई होती.

याच सुमारास ऑफिसातल्या मोटरसायकलवाल्या सहकाऱ्याने त्याचे बॅटरीचे मोजे मला घालून बघायला दिले. आत तारा, मनगटाशी बॅटरीची पेटी, बटण दाबलं की दोनच मिनिटांत ऊब. त्याच्यासाठी योग्यच. त्याला वारा लागतो. हवा शून्य अंश असताना ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या कातडीला उणे ९ असल्यासारखं लागतं, असा वारा-थंडीच्या सूत्राचा हिशोब. त्याच्या मोज्याला वारा अडवायचाय, पाऊस अडवायचाय, पडल्यावर हात वाचवायचाय. माझ्या बंद गाडीत वारा नाहीच. मी जे मोजे बघत होते त्यांतले निम्मे खरं तर त्याच्यासाठी बनवलेले होते, आणि मी त्या सगळ्या गुणांचे पैसे आणि त्यांची जाडी विनाकारण हातावर घेत होते.

पाचवा जोड घ्यायला गेले तेव्हा मी विचारून मोजे घेऊन थेट गाडीत जाऊन बसले. दुकानातल्या मुलाला वाटलं असणार ही पळतेय, तोही मागोमाग आला आणि खिडकीशी उभा राहिला. मी पट्टा लावला, काढला. किल्ली फिरवली. इंडिकेटर, वायपर, दिवे, सगळं न बघता. मग खिशातलं नाणं डॅशबोर्डवर ठेवलं आणि उचलायचा प्रयत्न केला.

"ताई, नाणं कशाला?" त्याने विचारलं.

"ते उचलता आलं तर बाकी सगळं जमतं."

तीन जोड नापास झाले, चौथ्याने तिसऱ्या प्रयत्नात उचललं. फरक शिवणीत होता. बहुतेक मोज्यांची शिवण आत वळवलेली असते. दिसायला नीट, पण चामड्याच्या त्या दुमडलेल्या कडा नेमक्या बोटाच्या टोकाशी जमतात आणि तिथेच तर आपल्याला जाणीव हवी असते. काही मोज्यांची शिवण बाहेर असते, टाके उघडे दिसतात, जरा गावठी वाटतं. पण आत बोटाला एकसंध गुळगुळीत चामडं लागतं. आणखी एक गंमत म्हणजे चांगल्या मोज्याची बोटं टेबलावर ठेवल्यावरही किंचित वळलेली राहतात. सरळ कापलेला मोजा स्टिअरिंग धरलं की तळव्यात चुण्या पाडतो आणि त्या चुण्या अर्ध्या तासात टोचायला लागतात.

टचस्क्रीनचा प्रश्न त्या मुलानेच काढला. पडद्याला बोटाची विद्युतवाहकता लागते, चामडं आणि लोकर ती अडवतात. म्हणून तर्जनीच्या आणि अंगठ्याच्या टोकाशी वाहक लेप किंवा चांदीचा मुलामा दिलेले धागे असतात. असतील तर बरं, पण मी त्यावर मोजा निवडणार नाही. लेप झिजतो, आणि जाड टोकाने नेमकं चौकोनावर बोट पडत नाही. मी नकाशा-बिकाशा घरातच लावून निघते. चालत्या गाडीत मोजा घालून पडद्यावर बोट शोधत बसणं हे इंडिकेटरकडे मान खाली घालून बघण्याचंच मोठं भावंड.

तर घेतला तो जोड असा: मेंढीचं चामडं, बाहेरची शिवण, आत पातळ विणीची लोकर टोकाशी धरलेली, भरण फक्त पाठीवर आणि तेही थोडं. दुकानातला तो सर्वात उबदार जोड नव्हता. त्या मुलाने दोनदा सांगितलं, ताई, याहून गरम आहेत. मला ठाऊक होतं.

पहिल्या आठवड्यात थोडी निराशा झाली, हेही सांगायला हवं. हात छान चालत होते, नाणं उचलत होते, पण गार पडत होते. मग लक्षात आलं की मी मोजे गाडीतच ठेवत होते, त्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, नावाला मान देऊन. रात्रभर तेही गाडीइतकेच गार व्हायचे आणि पहाटे मी त्यांना माझ्या हाताची उरलीसुरली ऊब द्यायची. मोजा काही ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो. तेव्हापासून ते घरात, दाराशेजारच्या खणात असतात, आणि हात गरम असतानाच, कुलूप लावायच्या आधी मी ते घालते. एवढ्या एका बदलाने जे मिळालं ते १५० ग्रॅमने दिलं नव्हतं.

काचेवरचं गोठलेलं दहिवर खरवडायला दुसरा जोड. ते फुगीर मोजे इथे कामाला आले, पाणी न लागणारे म्हणून. आधी मी चामड्याचेच घालून खरवडायची आणि ओल्या मोज्यांनी गाडी चालवायची. हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट चांगलं उष्णतावाहक आहे, म्हणजे ओला मोजा ही ऊब बाहेर न्यायची पक्की वाट. आता खरवडून झालं की फुगीर मोजे मागच्या सीटवर, आणि कोटाच्या आतल्या खिशातून कोरडे, अंगाने गरम झालेले चामड्याचे बाहेर. गाडीत बसण्याआधी दोन्ही हात खांद्यातून पवनचक्कीसारखे दहा-बारा वेळा गरागरा फिरवते. रक्त बोटांच्या टोकापर्यंत फेकलं जातं, लगेच झिणझिण्या येतात. समोरचे आजोबा फिरायला निघतात त्याच वेळी. पहिल्यांदा ते थबकले होते. आता तेही फिरवतात.

तरीही मनगट राहिलंच. हे सगळ्यात उशिरा सापडलं, कारण दुकानात आपण हात खाली सोडून मोजा घालून बघतो. तेव्हा बाही आणि मोजा एकमेकांना छान भेटतात. स्टिअरिंगकडे हात पुढे केले की बाही मागे सरकते आणि मनगटाची दोन बोटं रुंदीची पट्टी उघडी पडते. नेमकी तिथे नाडी कातडीजवळून जाते, बोटांकडे निघालेलं गरम रक्त तिथेच गार होतं. माझ्या मोज्याची मनगटपट्टी आखूड होती, आणि आता सहावा जोड घ्यायची माझी तयारी नव्हती. नवऱ्याने तर हिशोबाची वहीच काढली असती.

आत्याकडे गेले तेव्हा सहज बोलता बोलता हे सांगितलं. तिने हात पुढे करायला लावला, जणू स्टिअरिंग धरलंय असा, आणि उघड्या पडलेल्या पट्टीला वीत लावून बघितलं. काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी एक पुडकं आलं. आत दोन लोकरी नळ्या, मनगटापासून कोपराच्या अलीकडपर्यंत येणाऱ्या, मनगटाकडच्या टोकाला अंगठ्यासाठी एक फट. गडद निळ्या. लोकर ओळखीची वाटली म्हणून फोन केला.

"आत्या, तू ते मोजे उसवलेस?"

"घसरत होते ना?"

"अगं पण..."

"लोकर चांगली आहे ती. तुझ्या त्या चामड्याच्या खाली घाल. आणि उजवी अर्धा इंच लांब झालीय, ती मुद्दाम नाही, सामना बघत होते."

मी दोन्ही घालून बघितल्या. उजवी खरंच अर्धा इंच लांब आहे, आणि खिडकीकडचा हात उजवा असल्याने ते बरंच झालं.